मुरुड बोलतोय

गफूरभाई चहा मागवतात तेव्हा म्हणतात, "एक कटिंग, साखर कमी, ओव्हर." आणि मग टपरीवाला काही बोलेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहतात. नुसती मान हलवून भागत नाही. "एक कटिंग, साखर कमी" असं त्याने परत म्हणून दाखवलं की मगच ते बाकावर टेकतात. नव्या माणसाला वाटतं, म्हातारा चेष्टा करतोय. जुन्यांना सवय झाली आहे. करंजा धक्क्यावरचा एक टपरीवाला तर आता बाकीच्या गिऱ्हाइकांनाही चुकून "ओव्हर" म्हणतो आणि मग स्वतःशीच लाजतो.

गफूरभाई मुरुडचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी आखातातल्या एका बंदरात, कंट्रोल रूममध्ये काढली. काम एकच, येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांशी वायरलेसवर बोलायचं. एक खुर्ची, समोर काच, काचेपलीकडे पांढरंफेक ऊन आणि हातात माइक. ज्यांच्याशी इतकी वर्षं बोलले त्यातला एकही चेहरा त्यांनी पाहिला नाही. पण आवाज सगळे लक्षात आहेत. एक कप्तान बोलण्याआधी उसासा टाकायचा, एक जण मागे कायम रेडिओ लावून ठेवायचा, एकाच्या जहाजावर कोंबडा होता. "कोंबडा आरवला की मी समजायचो, हा आला," असं ते सांगतात आणि मग खाडीकडे बघत राहतात, जणू तो कोंबडा अजून धुक्यातून येणारच आहे.

माझी त्यांची ओळख शाळेत झाली. म्हणजे या वयातल्या शाळेत. उरणला दर रविवारी निर्यात व्यवहाराच्या पदविकेचा वर्ग भरायचा. मी मांडव्याला होड्यांच्या तिकीट खिडकीवर बसतो. आता लोक तिकिटं फोनवरच काढतात, त्यामुळे माझ्या खिडकीसमोर माणसं कमी आणि कुत्री जास्त असतात. खिडकी बंद व्हायच्या आत काहीतरी शिकून घ्या, असं बायकोने सुचवलं. मला कशाचंही अपराधी वाटतं, त्यामुळे खिडकी ओस पडली त्यातही माझाच काही दोष असावा असं वाटून मी नाव घातलं.

पहिल्याच रविवारी साळवी मॅडमनी वर्गाचे गट पाडले. आमच्या गटात चौघं. मी, गफूरभाई, अलिबागचा प्रथमेश आणि करंजाची सुगंधा. प्रथमेश नुकता कॉलेजातून बाहेर पडलेला, बोलताना फोन आणि फोनवर बोलताना लॅपटॉप बघणारा. सुगंधा न्हावा शेव्याजवळच्या एका कंटेनर यार्डात गेटवर नोंदी करायची. पदविका मिळाली तर तिला गेटची सुपरवायझर करू, असं तिथल्या साहेबांनी कबूल केलं होतं. नाही मिळाली तर जागा दुसऱ्याला. नवऱ्याचं काम सुटलं होतं, घरात दोन मुली. आमच्यापैकी खरी परीक्षा तिचीच होती. मी आपला अपराधीपणापोटी आलो होतो, प्रथमेश वडिलांच्या धाकाने. गफूरभाई का आले होते, ते तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.

प्रकल्पाचा विषय होता मुरुडची सुपारी. बागेतून निघाल्यापासून जहाजात चढेपर्यंत तिचं काय काय होतं, कुठले कागद लागतात, कुठल्या क्रमाने. शेवटी तोंडी परीक्षा. कुणालाही कुठलाही भाग विचारणार, आणि एक जरी अडखळला तरी गुण सगळ्यांचे जाणार. पण त्याआधी मॅडमनी एक वेगळंच काम दिलं. गटाने एकमेकांशी कुठल्या साधनाने बोलायचं ते आधी ठरवा, आणि तेच का, हे लिहून द्या.

"काका, सिंपल आहे," प्रथमेश म्हणाला. त्याच्याकडे एक अ‍ॅप होतं. त्यात रंगीत कार्डं टाकायची. हिरवं म्हणजे झालं, पिवळं म्हणजे चालू आहे, लाल म्हणजे बोंब. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप, शिवाय एकत्र लिहायची फाइल, शिवाय व्हिडिओवर मीटिंग. तो एकेक नाव घेत होता आणि मी मान हलवत होतो. मला त्यातलं निम्मं कळलं नाही, पण नाही म्हणायला अपराधी वाटलं.

गफूरभाई शांतपणे ऐकून म्हणाले, "आधी शिस्त ठरवा. मशीन मागाहून. ओव्हर."

त्यांची शिस्त अशी. एका वेळी एकानेच बोलायचं, आपलं बोलून झालं की "ओव्हर" म्हणायचं. समोरच्याने "मिळालं" म्हटल्याशिवाय पुढचं बोलायचं नाही. आणि नावं घ्यायची नाहीत, ठाण्याने, म्हणजे गावाने, हाक मारायची. त्या दिवसापासून ते स्वतः मुरुड, मी मांडवा, प्रथमेश अलिबाग आणि सुगंधा करंजा.

"मला नाव आहे ना चाचा," सुगंधा म्हणाली.

"हाय ना. पण वायरलेसवर नाव घेत नाय. नाव घरच्यांसाठी असतं, पोरी."

सगळ्यात जास्त राग त्यांना अंगठ्याचा. ग्रुपवर त्यांनी काही सांगितलं आणि कुणी नुसतं अंगठ्याचं चित्र टाकलं की ते खवळायचे. "अंगठा कोण लावतो? ज्याला सही येत नाय तो. माझ्या ग्रुपात अंगठेबहाद्दर नकोत." मी तर त्यांच्या निरोपावरच्या निळ्या खुणांनाही घाबरायचो. वाचल्याचं त्यांना दिसेल आणि उत्तर द्यायला उशीर होईल म्हणून कित्येकदा मी निरोप उघडतच नसे, आणि मग उघडला नाही याचं वाईट वाटत बसे.

ते टाइप करायचे नाहीत. आवाजच पाठवायचे. संध्याकाळची नमाज झाली की ग्रुपवर हजेरी. "करंजा, करंजा, करंजा, मुरुड बोलतोय. सुपारीच्या पोत्यांचं काय झालं? ओव्हर." मागे नारळाच्या झावळ्यांची सळसळ आणि त्याही मागे समुद्र. तिकीट खिडकीत बसून मी ते ऐकायचो तेव्हा सुपारी, पोती, कागद सगळं मागे पडायचं. समोर मांडव्याचा धक्का सूर्य बुडाल्यावरच्या उजेडात पिवळा झालेला असायचा आणि कानात मुरुडचा समुद्र. किनारा तोच, पाणी तेच, फक्त थोडं खालच्या अंगाला. वाटायचं, हा माणूस मला सुपारीबद्दल विचारत नसून नुसतं विचारतोय, आहेस ना तिथे.

सुगंधाकडून मात्र उत्तर यायचं नाही. एकदा तिच्या धाकट्या मुलीचा आवाज आला, "आई भाकऱ्या थापते. ओव्हर." गफूरभाई त्यावर दिवसभर खूश होते.

पण अडचण खरी होती. यार्डात शिरताना सुगंधाचा फोन गेटवर जमा व्हायचा. हजेरी सोडली तर आमचं सगळं बोलणं दिवसा व्हायचं. प्रथमेश धडाधड कार्डं टाकायचा, मी दबकत "ठीक आहे" लिहायचो, गफूरभाई लांबलचक बोलायचे. पाळी संपवून, जेवणखाण उरकून सुगंधा फोन हातात घ्यायची तेव्हा आमच्या बोलण्याचा डोंगर झालेला असायचा. ती वर चढायला लागायची आणि अर्ध्यावर झोप लागायची. फोन छातीवर तसाच, असं तिनेच हसत सांगितलं.

मध्ये एकदा मॅडमनी तपासणी घेतली. सुगंधाला विचारलं, कस्टमची तपासणी आधी की माल बंदरात जाणं आधी. ती आमच्याकडे बघायला लागली. खरं तर जी गाडी ती रोज गेटवर बघत होती तिचंच हे पुढचं पाऊल, पण आम्ही त्यावर केलेली सगळी चर्चा त्या डोंगरात गाडली गेली होती. मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की तोंडी परीक्षेला असं झालं तर त्यांच्या हातात काही उरणार नाही.

त्याच तपासणीत आमचा कच्चा अहवालही परत आला. प्रथमेशने गफूरभाईंचे आवाज एका अ‍ॅपमध्ये घालून त्यांचं आपोआप लिखाण करून घेतलं होतं, आणि ते कुणीच वाचलं नव्हतं. पहिलं प्रकरण सुरू होत होतं, "मुरुड बोलतोय." प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी "ओव्हर." आणि एके ठिकाणी, सुपारी वाळवण्याच्या पद्धतीच्या ऐन मध्यावर, "जा रे, कुणाची बकरी शिरली बागेत." मॅडमनी बकरीभोवती लाल गोल केला होता.

वर्ग सुटल्यावर आम्ही करंजा धक्क्यावर आलो. आम्हा तिघांना लाँचने खाडी ओलांडून रेवसला जायचं असायचं, तिथून पुढे आपापल्या वाटेने. सुगंधाचं घर धक्क्याजवळच, ती दर वेळी आम्हाला लाँचपर्यंत पोचवायची. त्या दिवशी प्रथमेश माझ्या कानाशी म्हणाला, की ताईंना दुसऱ्या गटात टाकायला सांगू का मॅडमना, त्यांनाच सोपं जाईल. मी तिकिटाची घडी घालत राहिलो. मी गप्प बसलो की लोकांना तो होकार वाटतो, आणि बहुतेक वेळा असतोही.

गफूरभाईंनी ते ऐकलं. ते लाँचमध्ये चढता चढता थांबले.

"ज्याचा सेट सगळ्यात कमजोर, त्याला ऐकू येईल तोच चॅनल. बाकीच्यांनी तिथे यायचं. समुद्रात असंच असतं. ओव्हर."

"तुमचा ओव्हर बंद करा आधी चाचा," सुगंधा एकदम तापली. मागोमाग तीही फळीवरून लाँचमध्ये आली. "माझा सेट कमजोर न्हाय. माझा सेट गेटवर जमा असतो. मी काय ढ हाय काय? आन् दर वेळी करंजा, करंजा. गुरांना हाकतात तसं."

गफूरभाई उत्तर द्यायला गेले, पण त्यांच्या शिस्तीप्रमाणे तिचं बोलणं पूर्ण व्हायला हवं होतं, आणि तिने ओव्हर म्हटलं नव्हतं. ते वाट बघत राहिले. ती बोलत राहिली. तेवढ्यात इंजिन सुरू झालं, दोर सुटला, आणि लाँच निघाली.

सुगंधाने मागे वळून पाहिलं तेव्हा धक्का बराच लांब गेला होता. तिच्या चेहऱ्यावर आधी भीती आली. घरी सांगितलं नाही, भात चढवायचाय, मुली वाट बघतील. तिने फोन काढला. खाडीच्या मध्यावर रेंज नव्हती. लाँचवाला म्हणाला, ताई, आता रेवसला जाऊन याच लाँचने परत या, दुसरा इलाज नाही. ती फळीवर बसली. हळूहळू तिचे खांदे खाली आले. दुपार कलत होती, पाणी शिशासारखं संथ, लांबवर बंदराच्या क्रेन धुरकट उभ्या, एखाद्या झोपेतल्या कळपासारख्या. इंजिनाची घरघर सोडली तर कुठे काही नाही. तिला कुणी हाक मारत नव्हतं, कुणी काही मागत नव्हतं. मला वाटतं, कित्येक महिन्यांत असं पहिल्यांदाच होत होतं.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "सांगा तर मग. तपासणी आधी का बंदरात जाणं आधी?"

आणि आम्ही सांगायला लागलो. इंजिनाचा आवाज इतका, की दोघं एकदम बोलले तर कुणालाच ऐकू येत नव्हतं. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी कान पुढे करायचे. नाही कळलं तर ती सरळ "परत सांगा" म्हणायची. गफूरभाईंना जी शिस्त आम्हाला इतके दिवस लावता आली नव्हती ती लाँचने आपसूक लावली. रेवस आलं तेव्हा आमचं संपलं नव्हतं. म्हणून आम्ही तिघंही उतरलो नाही. तिला पोचवायला परत करंजाला गेलो आणि मग पुन्हा रेवसला आलो. तिकिटं तपासणाऱ्याने आमच्याकडे संशयाने पाहिलं. खिडकीवर बसणारा माणूस असल्याने मला ते लागलं.

पुढच्या रविवारी सुगंधाने स्वतःच रेवसचं तिकीट काढलं. घरी सांगून आली होती. आणि मॅडमना द्यायचा राहून गेलेल्या कागदावर, साधन या रकान्यापुढे, आम्ही लिहिलं, 'करंजा–रेवस लाँच'. कारणं अशी की इथे कुणी मध्येच उठून जात नाही, कुणाची बॅटरी संपत नाही, आणि सगळ्यांना एकाच वेळी तेच दिसतं. प्रथमेशने ते कागदावर उतरवलं. तो म्हणाला, त्याच्या अ‍ॅपात याला कुठला रंग द्यायचा ते त्याला कळत नाहीये.

मॅडमनी वर्गात विचारलं, "यात तंत्रज्ञान कुठे आहे?"

गफूरभाई उठून उभे राहिले. "इंजिन आहे ना मॅडम. ओव्हर."

तोंडी परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले होते. आम्ही चौघं एका रांगेत बसलो. त्यांनी कागद चाळले, चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं आणि नेमकं सुगंधालाच विचारलं, जहाज कंपनी मालाची पावती, म्हणजे बिल ऑफ लेडिंग, कधी देते. तो भाग प्रथमेशचा होता. प्रथमेश खुर्चीत पुढे सरकला. सुगंधाने ओठ मिटले आणि खिडकीबाहेर पाहिलं. गफूरभाईंची उजवी मूठ मांडीवर वळली होती, जणू त्यात माइक आहे. मान न वळवता ते हळू आवाजात म्हणाले, "सुगंधा. सावकाश."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समोरच बघत होते.

"माल जहाजात चढल्यावर," सुगंधा म्हणाली. "आधी न्हाय. गेटमधून आत गेला, तपासणी झाली, तरी न्हाय. जहाजात चढला, की मग. ओव्हर."

परीक्षकांनी वर पाहिलं. सुगंधाने जीभ चावली. साळवी मॅडम खिडकीकडे तोंड करून खोकल्यासारखं काहीतरी करत होत्या. परीक्षक म्हणाले, "मिळालं," आणि पुढचा प्रश्न विचारला.

आम्ही चौघंही पास झालो. सुगंधा आता गेटवर सुपरवायझर आहे, दुसऱ्यांचे फोन जमा करून घेते. प्रथमेशला नवी मुंबईत काम लागलं आणि एक दिवस ग्रुपवर करड्या अक्षरांत दिसलं, की तो बाहेर पडला. त्यात राग नव्हता, काम संपलं होतं. गफूरभाईंची संध्याकाळची हजेरीही काही दिवसांनी थांबली.

प्रमाणपत्रं आली ती आम्ही तिघांनी नेली. गफूरभाईंचं कपाटात तसंच पडून होतं. मॅडमनी फोन केले तर ते म्हणायचे, बघू, येऊ कधीतरी. शेवटी मीच ते घेऊन एसटीने मुरुडला गेलो.

सुपारी-नारळाच्या बागेत आत, कौलारू घर. बागेत ओलसर गारवा, वरून गाळून येणारं हिरवट ऊन, आणि पलीकडे भिंत नसल्यासारखा समुद्राचा आवाज. तोच, खिडकीत बसून मी इतके दिवस ऐकलेला. मी त्या आवाजाच्या आत येऊन उभा आहे असं वाटलं. ओट्यावर दोन खुर्च्या होत्या, एकीवर गफूरभाई, दुसरीवर सुपाऱ्या वाळत घातलेल्या. त्यांनी लगबगीने सुपाऱ्या उचलल्या आणि मला बसवलं. बीबी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगे दोघं आखातात, एवढं मला माहीत होतं. प्रमाणपत्र त्यांच्या हातात दिलं तर त्यांनी न बघताच ते खाली ठेवलं आणि उडू नये म्हणून वर एक सुपारी ठेवली.

मी विचारलं, "गफूरभाई, हे नको होतं तर इतक्या लांब उरणला कशाला येत होतात?"

त्यांनी कागदावरची सुपारी जरा सरळ केली. मग म्हणाले, "जाहिरातीत लिहिलं होतं, ग्रुप प्रोजेक्ट कंपल्सरी. मी म्हटलं, बरं हाय. कंपल्सरी असलं की लोकांना उत्तर द्यावंच लागतं."

आणि स्वतःच हसले. मला हसता आलं नाही.

निघताना त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "तुम्हाला तिकिटांचं फोनवरचं समजतं, जरा बघा. पोरांकडे माझा आवाज नीट जात नाय वाटतं. सेट बिघडलाय बहुतेक."

मी पाहिलं. त्यांचे आवाज एकाखाली एक होते, लांबलचक. बागेबद्दल, पावसाळी कौलांबद्दल, कुणाच्या तरी लग्नाबद्दल असतील. प्रत्येकाशेजारी दोन निळ्या खुणा. आणि प्रत्येकाखाली एक अंगठा. वर सरकवत गेलो तरी तेच. सेट उत्तम चालत होता.

"इकडे रेंज कमी आहे, गफूरभाई," मी म्हणालो. "झाडं फार आहेत ना."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. कंट्रोल रूममध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला रेंज म्हणजे काय ते मी सांगत होतो. मग त्यांनी फोन खिशात ठेवला आणि झावळ्यांकडे बघत म्हणाले, "तेच म्हटलं मी. झाडंच फार."

एसटी मुरुडमधून निघाली. उजवीकडे सुरूची झाडं, डावीकडे समुद्र, खिडकीतून खारी झुळूक. काशीदच्या चढाला गाडी लागायच्या आत फोन वाजला. गफूरभाईंनी पाठवलेला आवाज होता, छोटासाच. मागे तीच सळसळ.

"विलास, गाडीत जागा मिळाली का?"

मुरुड बोलतोय नाही, मांडवा नाही, ओव्हर नाही. वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी माझं नाव घेतलं होतं. फोनने खाली नेहमीप्रमाणे तयार उत्तर पुढे केलं, पिवळा अंगठा. मी त्याच्या बाजूच्या माइकवर माझा अंगठा दाबून धरला आणि बोलायला लागलो. खिडकीची जागा मिळाली, शेजारी एक बाई मासळीची टोपली घेऊन बसल्या आहेत, समुद्रावर एक होडी आहे पण ती हलतेय की नाही कळत नाही, आमच्याकडे तुम्ही एकदा जेवायला या, बायको विचारत असते. चढावर रेंज गेली. मी अंगठा उचलला नाही. रेवदंडा आलं की सगळं आपोआप पोचणार होतं.